डेकचा वाटा

दादा,

तू गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला लोकांनी मला बोलायला उभं केलं. "तुम्ही मास्तरीण आहात बाई, भावाबद्दल चार शब्द बोला." माईक कोणी लावला होता कोण जाणे, नुसत्या शिट्ट्या मारत होता, तू असतास तर त्याचं काही खरं नव्हतं. मी उभी राहिले, "जयभीम" म्हटलं आणि खाली बसले. लोकांना वाटलं, बहिणीचा कंठ दाटला. कसला कंठ अन् कसलं काय! समोरच्या रांगांत पंधराएक माणसं अशी बसली होती की मी तुला शेवटचं काय बोलले ते त्यांनी आपल्या कानांनी ऐकलं होतं. त्यांच्यासमोर "माझा दादा असा होता, तसा होता" हे कोणत्या तोंडाने म्हणायचं?

काय बोलले ते एकदा लिहूनच टाकते, नाहीतर पुढचं काही लिहिता येणार नाही. "माय एकदा मेली होती. आज तू तिले दुसऱ्यांदा मारलं." तुझ्याच घरात, तुझ्याच पाहुण्यांसमोर. त्यानंतर अडीच महिने आपण बोललो नाही. आणि मग तू गेलास.

आज सुट्टी टाकून गोंदियाहून तिरोड्याला आले आहे. तुझ्या बैठकीत बसून लिहिते आहे. समोर डेक आहे, डेकमध्ये मायची कॅसेट आहे, आणि अर्ध्या तासापासून माझं बोट त्या बटणापर्यंत जाऊन परत येऊन राहिलं आहे. वहिनी दारात उभी आहे. तिथून हलत नाही.

एवढीशी ती कॅसेट. चोरखमाऱ्याच्या कालव्याखालच्या आपल्या बांधीत धानाची रोवणी चालू असताना तू ती भरली होतीस. सोळा वर्षांचा होतास. ज्या मंडपवाल्याकडे तू कामाला लागला होतास, त्याचा टेपरेकॉर्डर मागून आणलास आणि दिवसभर बांधीच्या कडेला, धुऱ्यावर, छत्री धरून उभा राहिलास. छत्री टेपवर, तू ओला. रोवणीचं गाणं मायच म्हणायची, पण तिचा आवाज काही गोड नव्हता. या धुऱ्यावरून त्या धुऱ्यापर्यंत पोचायचा, शेवटच्या बाईच्या हातालाही त्याच्या तालावर चालावं लागायचं. मायचा एकही धड फोटो नाही आपल्याकडे. मतदान कार्डावरचा आहे, त्यात ती रागावलेली दिसते. आवाज म्हणशील तर एवढाच, या एका फितीवरचा. मायला जाऊन बारा वर्षं झाली, तेव्हापासून तू ती कॅसेट कपाटात, तिच्याच लुगड्याच्या घडीत ठेवली होतीस.

चाळीस वर्षं तू अख्ख्या तालुक्याला आवाज पुरवलास. लग्नं, जयंत्या, दंडारीचे खेळ, सगळीकडे तुझे भोंगे. घरात मात्र वहिनी मोबाईलवर गाणी ऐकायची, तीही भांडी घासताना. मग डीजेवाले आले, तुझा धंदा बसला, आणि एके दिवशी तू फोन केलास. "बाई, धानाचे दोन सालचे पैसे तसेच पडून आहेत. घरात बसून आयकाचा सेट बनवू. मायची कॅसेट लावू त्याच्यावर." मायने बांधीच्या सातबाऱ्यावर दोघांची नावं घातली होती, पोरीचंसुद्धा, म्हणून ते पैसे अर्धे माझे होते. मी एका दमात हो म्हटलं. मला वाटलं, यात भांडण्यासारखं काय असणार?

अगं माय! तीन रविवार भांडलो आपण.

पहिल्याच रविवारी तू याच बैठकीत चार स्टीलच्या थाळ्या मांडल्यास. गावात बोकड कापल्यावर पळसाच्या पानांवर वाटे घालतात ना, अगदी तसे. एक थाळी स्पीकरची, एक मशीनची (ॲम्प्लिफायरला तुम्ही साऊंडवाले मशीनच म्हणायचे), एक वायर आणि स्टँडची, एक डेकची. साठ हजार रुपये. निम्म्याहून जास्त तू स्पीकरच्या थाळीत ठेवलेस, वीस मशीनला, उरलेले वायरला. डेकची थाळी रिकामी.

"हे काय गा?" मी म्हटलं.

"डेक घरचाच आहे ना. फुकटचा."

"तो टिनाच्या शेडमंदी दहा साल पडून आहे."

"पडून आहे म्हंजे मेला काय? बाई, आवाज शेवटी कुठून निघते? स्पीकरातून. मंग पैसा कुठी टाकाचा?"

मी स्पीकरच्या थाळीतलं एक बंडल उचलून डेकच्या थाळीत टाकलं. तू उचलून परत स्पीकरमध्ये टाकलंस. मी पुन्हा उचललं. "पहिले फितीवरून नीट निघालं पाहिजे," मी म्हटलं, "तिथंच बोंब असली तर तुझा स्पीकर ती बोंबच मोठ्यानं आयकवीन." तू म्हणालास, "तू पोराईले शिकव. मी चाळीस साल हेच केलो." वहिनी आतून ओरडली, "भात थंडा होऊन राहिला, त्या थाळ्या मोकळ्या करा आधी!" आपण पैसे तसेच जमिनीवर काढून ठेवले, त्याच थाळ्यांत जेवलो, आणि जेवताना एकमेकांकडे बघितलं नाही.

तुझं म्हणणं मला आता कळतं. मैदानातल्या माणसाचं म्हणणं होतं ते. हजार माणसांच्या लग्नात आवाज कमी पडला तर लोक मारायला धावतात. गाणं जरा वाकडं वाजलं तर कोणाच्या लक्षातही येत नाही. आणि कॅसेट? कॅसेटी तू गोंदियाहून डझनाने आणायचास. डेकने एक खाल्ली की ओढून फेकायची आणि दुसरी लावायची, गाणं थांबलं नाही पाहिजे. तो तुझा हात होता, चाळीस वर्षांचा. खाल्ली गेली तर दुसरी नाही, अशी कॅसेट तुझ्या हाताला कधी माहीतच नव्हती.

दुसऱ्या रविवारी गोंदियाच्या बाजारात गेलो. दुकानदाराने मोठ्या स्पीकरची जोडी लावून दाखवली. तुझा चेहरा असा झाला की मला हसूही आलं आणि रागही. मी विचारलं, "कैसेट डेक है क्या, अच्छावाला?" तो हसला. "बहनजी, कैसेट अब कौन सुनता है? भाईसाहब सही बोल रहे हैं, स्पीकर में पैसा डालो, बाकी सब चल जाता है." तू माझ्याकडे असं बघितलंस की जणू कोर्टाचा निकाल लागला. माझा तिथेच भडका उडाला. चार गिऱ्हाइकांसमोर मी म्हटलं, "तुझी माय आहे काय त्या कॅसेटवर, की याची?" बसमध्ये तू खिडकीकडे तोंड करून बसलास, तिरोडा येईपर्यंत.

मी म्हणाले होते, आधी कॅसेट मोबाईलमध्ये तरी उतरवून घेऊ. तू म्हणालास, "त्यासाठी बी डेकावर लावाच लागीन ना. मंग एकदाच चांगल्या सेटवर लावू, तवाच घेऊ मोबाईलमंदी." ते मला पटलं. खोटं कशाला बोलू, पटलं.

आणि तिसऱ्या रविवारी मी थकले. शाळेत परीक्षा होत्या, घरी सासूबाई आजारी होत्या. तू पुन्हा थाळ्या मांडल्यास आणि मी म्हटलं, "कर गा तुझ्या मनाचं. घे तोच डेक. चालते." हे मी म्हटलं होतं, दादा. माझ्या तोंडाने. नंतर पंधरा जणांसमोर तुझ्यावर तोफ डागली तेव्हा एवढं एक वाक्य मी सोयीने गिळून टाकलं. तूही ते काढलं नाहीस. काढायला पाहिजे होतंस, माझं तोंड तिथल्या तिथे बंद झालं असतं.

सेट लावला त्या दिवशी तू काय थाट केला होतास! सगळ्यांना चहा-चिवडा, बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोंसमोर मेणबत्त्या, विहारातून आलेली माणसं सरळ तुझ्या बैठकीत. मायबरोबर रोवणीला जायच्या त्यातल्या आता दोघीच उरल्यात. त्यांना तू ऑटो पाठवून आणलंस. मी तुझ्या कानाशी लागले, "आधी दुसरी कोनती कॅसेट लाव ना गा, बघू तरी." तू नाही म्हणून मान हलवलीस. नवीन सेटवर पहिला आवाज मंगल पाहिजे, हा तुझा धंद्यातला नेम. गिऱ्हाइकाच्या घरीसुद्धा तू आधी वंदना लावायचास. "माझ्या घरच्या सेटवर पयला आवाज मायचा," तू म्हणालास आणि बटण दाबलंस.

आणि माय आली. खरंच आली, दादा. भिंतीतून, फरशीतून. चिखलातल्या पावलांचा डुबुक डुबुक आवाज येत होता, मागे बाया हसत होत्या, एकीने कोणाला तरी शिवी दिली तीही ऐकू आली. त्या दोघींतली भागरता मावशी खुर्चीत बसल्या बसल्या पुढे वाकली आणि तिचा हात चिखलात धानाचे पऱ्हे रोवल्यासारखा हलायला लागला. तू डोळे मिटले होतेस. स्पीकरच्या बाबतीत तुझंच बरोबर होतं, हे मी तेव्हाच मनात कबूल केलं होतं. मोबाईल काढायचं कोणालाही सुचलं नाही.

मग मायचा आवाज जड झाला. खाली खाली जायला लागला, तिला कोणी गाळात ओढत असावं तसा. मी ओरडले, "बंद कर!" तू झेप घेतलीस. डेकमधून कर्रर्र असा आवाज आला आणि सगळं गप्प. झाकण उघडलंस तर रबरी चाक दगडासारखं झालेलं, आणि त्याच्याभोवती फीत गच्च गुंडाळलेली, चुरगळलेली.

तेव्हा मी ते बोलले.

तू वर बघितलं नाहीस. वहिनीला म्हणालास, "टॉर्च आन." बस, एवढंच. गुडघ्यांवर बसून पेन्सिलीने ती फीत सोडवत राहिलास, आणि मी चपला घालून निघून गेले. रस्त्यात मला स्वतःचा अभिमान वाटत होता. खरं बोलले, तोंडावर बोलले, म्हणून. धन्य माझी!

नंतर तुझे दोन फोन आले. मी उचलले नाहीत. नवऱ्याने विचारलं तर म्हटलं, वर्गात होते. तो रविवार होता. तिसरा फोन वहिनीचा आला, तेव्हा मी खरंच वर्गात होते, आणि तो मी उचलला.

पुण्यानुमोदनाचे लोक गेल्यावर वहिनीने मला या बैठकीत आणलं. मोठे स्पीकर नव्हते. त्यांच्या जागी तुझ्या भंगारातले दोन लहान स्पीकरचे खोके, नवीन रंग मारलेले. "तुम्ही गेल्या ना, त्याच्या दुसऱ्या हप्त्यात वापस करून आले गोंदियाले," ती म्हणाली. "मंग दोनदा नागपूरले गेले. हा डेक आनला." कोणा जुन्या शौकीन माणसाकडून घेतलास म्हणे, त्याच्याच समोर पट्टे आणि चाकं बदलून घेतलीस. दुकानदाराने स्पीकरचे किती पैसे कापले ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. डेकच्या थाळीत तू सगळं ओतलंस, एवढं मला समजलं.

आणि कॅसेट. फितीला नवं, स्क्रूचं खोकं. फीत नखाने सपाट केलेली, फाटली तिथे जोडलेली. वहिनी सांगते, महिनाभर तू रोज संध्याकाळी एकेक जुनी कॅसेट या डेकवर लावून बघायचास, दोन्ही बाजू, शेवटपर्यंत. मायची लावली नाहीस. ती म्हणाली, "लावा ना आता, कायले थांबून राहिले?" तर म्हणालास, "बाई येईन तवा." मग मला फोन केलास. मी तर काय, वर्गात होते.

रागही येतो रे तुझा. फोन नाही उचलला तर गाडीत बसून यायचं होतंस. गोंदिया काय विलायतेला आहे? दारात उभा राहून म्हणायचं होतंस, "चल, आन ते तुझं तोंड, अन् आयक." मी आले असते. कटकट करत, पण आले असते. तू रुसून बसलास की घाबरलास, हे मला आता कोणी सांगू शकत नाही. दोन्हीतलं काहीही असलं तरी मला सारखंच लागतं.

बोट अजून बटणावर आहे. लावली आणि तुटली तर? तर तुझं ते महिनाभराचं काम मी एका क्षणात संपवीन, आणि मग कोणाला बोलणार? नाही लावली तर ती पुन्हा लुगड्याच्या घडीत जाईल आणि तिथेच संपेल. वहिनी म्हणते आहे, "बाई, मी मोबाईल धरतो. लावा."

लावली.

डेक चालला, दादा. सरळ, एका चालीत. आवाज लहान आहे, त्या दिवशीसारखा भिंतीतून येत नाही. पण माय त्यात नीट उभी आहे. मग जोड आला. दोन ओळी गेल्यात. माय एका कडव्यातून एकदम दुसऱ्यात पडते, आणि गात राहते. मोबाईल हलू नये म्हणून मी वहिनीचं मनगट धरलं.

गाणं संपलं. लहानपणी गाणं संपलं की तू झटकन बटण दाबायचास. एक क्षण पुढे जाऊ द्यायचा नाहीस, मला वाटायचं फीत जपतोस. आज बंद करायलाही मला भीती वाटली, बटणाच्या धक्क्याने जोड सुटला तर? म्हणून मी चालू राहू दिलं.

पुढे चिखलाचा आवाज. मग माय, धापा टाकत: "झालं काय गा तुझं? ये आता बांधीत, हात लाव."

आणि मग तू. फुटक्या आवाजाचा, सोळा वर्षांचा. "थांब ना माय. बाईसाठी घेऊन राहिलो. ते शाळेत गेली आहे ना. रडते ते रोज, मले मायचं गाणं आयकाले नाई भेटत म्हनून."

माय म्हणाली, "रडते तर रडू दे. शिकते तरी."

तू म्हणालास, "पन आयकू दे ना तिले."

मग खट्. संपलं.

मला आठवतं, दादा. माय मला रोवणीला नेत नव्हती, शाळेत हाकलायची, आणि मी कोपऱ्यात बसून रडायचे. तू बघितलं होतंस हे मला माहीत नव्हतं. तुला लाज वाटायची, होय ना, म्हणून ते बटण? एवढी वर्षं मी समजत होते की तू मायचा आवाज स्वतःसाठी धरून ठेवला. ती कॅसेट माझी होती. माझ्यासाठी तू दिवसभर पाण्यात उभा राहिलास, आणि तिच्यावरूनच मी तुला मायचा खुनी म्हटलं. खाली मान घालून ऐकून घेतलंस आणि माझीच कॅसेट मला दुरुस्त करून ठेवलीस.

मी खूप रडले. वहिनीने रडू दिलं, मग चहा आणला.

चहा पिऊन मी तिला म्हटलं, त्या दिवशी इथे कोणकोण होतं ते सांगा, एकही नाव सुटू देऊ नका. तिने बोटं मोजून सांगितली, मी याच वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतली. येत्या रविवारी वंदना झाल्यावर सगळ्यांना इथेच बोलावणार आहे. भागरता मावशीला ऑटो पाठवणार आहे. बोलले सगळ्यांसमोर, तर घ्यायचंही सगळ्यांसमोरच परत. मी उभी राहून सांगणार आहे की जुना डेक घे म्हणून मीच म्हटलं होतं, आणि माझ्या दादाने मायला मारलं नाही, या घरात मायला जपलं ते त्यानेच. मग कॅसेट लावणार आहे, शेवटच्या खट्पर्यंत.

पंधराच्या पंधरा ऐकतील, बघ. कोणाला उठू देणार नाही. पण त्या दिवशी बोलले तर मी तुलाच होते ना, दादा.